सरजाबाईंनी पालखी माघारी नेली

भूकंपानंतर शिरूर अनंतपाळ तालुक्यातलं हे गाव रस्त्याकडेला नव्या जागी वसलं. खंडोबाचं देऊळ मात्र जुन्या गावातच राहिलं. भोवती पडक्या भिंती आणि वेड्या बाभळी. चंपाषष्ठीला पालखी तिथून निघते, नव्या गावाला फेरी घालते आणि तिथेच परतते. खांदा देण्याआधी खांदेकऱ्यांच्या पायांवर देवळाजवळच्या जुन्या बारवेचं पाणी घालायचं, हा रिवाज. तो मान सरजाबाईंच्या घराचा, सासूकडून त्यांच्याकडे आलेला. एरवी त्या दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जातात.

यंदा देवस्थान समितीनं ठराव केला. पालखी नव्या गावात बांधलेल्या मंदिरातून निघेल आणि यापुढे तिथेच राहील. जुनी वाट काट्यांची, म्हाताऱ्यांना चालवत नाही, लातूरच्या पाहुण्यांच्या गाड्या पोचत नाहीत, ही कारणं खोटी नव्हती. आदल्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून पालखी नव्या मंदिरात आणली. सरजाबाईंना कुणी विचारलं नाही.

सकाळी त्या रिकामी घागर घेऊन आल्या आणि मंडपात मधोमध बसल्या. समितीचे अध्यक्ष हणमंतराव समजुतीनं म्हणाले, "वहिनी, पाणी ते पाणीच. इथल्या नळाचं घ्या की."

"मग देव बी देवच हाय, भावजी. घरीच हात जोडायचे, मंडप कशाला घातला?"

लोक हसले, हणमंतराव हसले नाहीत. एका बाईसाठी गावाचा ठराव मोडायचा का, असं त्यांनी विचारलं.

"भूकंपानं देव जागचा हलला न्हाई. तुमच्या ठरावानं हलंल व्हय?"

हणमंतरावांनी मग सुनेला पुढे केलं. शिल्पानं नळावर कळशी भरली आणि ती खांदेकऱ्यांपुढे आली. सगळ्यात पुढच्या वीरभद्रानं पाय मागे घेतले. त्याच्यामागे बाकीच्यांनीही. मान ज्या घरचा, पाणी त्याच घरचं, एवढंच तो म्हणाला. शिल्पा कळशी तशीच घेऊन उभी राहिली.

हलगीवाले थांबले. ऊन चढलं. लातूरचे पाहुणे घड्याळं बघू लागले. हणमंतरावांनी सरजाबाईंना पुन्हा विचारलं, आता आवाज खाली आणून. पाणी बारवेवरच घालीन, पालखी जशी आणली तशी न्या, हे त्यांचं उत्तर होतं.

दुपारी ट्रॅक्टर सुरू झाला. खांद्यावर घ्यायची पालखी ट्रॉलीतून हेलकावत माघारी निघाली. ना हलगी, ना भंडारा. सरजाबाई पुढे चालत होत्या. बारवेवर त्यांनी घागर भरली, सगळ्यांच्या पायांवर पाणी घातलं, आणि मग येळकोटाचा गजर झाला. पाहुणे तोवर निघून गेले होते.

नव्या गावाला फेरी घालून पालखी परतल्यावर जुन्या देवळापुढेच हणमंतरावांनी जाहीर केलं की, पुढच्या वर्षी ठराव पुन्हा आणू. ही वाट वापरण्यासारखी नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून सरजाबाई कोयता घेऊन त्या वाटेवरच्या बाभळी तोडू लागल्या. खुरपणीहून परतताना, रोज थोड्या. एकदा शेताकडे निघालेल्या हणमंतरावांनी मोटारसायकल थांबवली. एकटी किती तोडणार, असं विचारलं.

"तुमी थांबिवलं म्हणून हात थांबला," सरजाबाई म्हणाल्या, "तेवढ्या कमी तुटल्या."

त्यांनी पुढची फांदी ओढली.