व्याह्यापुढं मारलेली थाप

तीन पत्तीत थाप मारणारा माझ्यासारखा गडी आख्ख्या चांदा जिल्ह्यात नव्हता, मंडळी! हातात कचरा, पण तोंडावर तीन एक्के. भलेभले घाम पुसत पत्ते टाकायचे. अन् हरलो कोणापुढं? ज्यानं त्याच सकाळी पत्ते पहिल्यांदा हातात धरले, त्याच्यापुढं!

माझा व्याही हो! वरोऱ्याकडचा कापूसवाला, गाईसारखा गरीब माणूस. नागपूर राजधानी होती तेव्हाची गोष्ट. पोरीची पहिली दिवाळी, म्हणून आमच्या मूल गावाकडं पाहुणा आलेला. पाडव्याच्या दुपारी ओसरीवर डाव मांडला. बायकोनं पैसे लावायला बंदी केली होती, म्हणून वस्तू लावायच्या ठरल्या.

माझ्या हाती आले दुर्री, पंजा, नव्वा. सगळे वेगळ्या रंगाचे. वा! अशा कच्च्या गड्याला तर एका फुंकरीत उडवीन!

मी विडीचं बंडल टाकलं. त्यानं पानाची चंची ठेवली. मी छत्री टाकली. त्यानं नवा दुपट्टा काढला.

मागं बसलेला शेजारचा गणपत माझ्या कानाशी लागला, "भाऊ, ज्याले भेवच समजत नाई, त्याले भेवाडून काय फायदा?"

"तू गप रे! मले शिकवून राह्यला काय?"

उठलो, अन् माझा लढाऊ कोंबडा आणून चटईवर ठेवला! तीन बाजारांतल्या झुंजी मारलेला गडी. बायकोपेक्षा जास्त मी त्याच्याशी बोलायचो.

"बोला व्याहीभाऊ! टाकता पत्ते?"

व्याह्याचा चेहरा पांढराफटक. त्यानं मनगटातलं चांदीचं कडं काढलं अन् कोंबड्याशेजारी ठेवलं!

"पुरे झालं, उघडा आता!" गणपत ओरडला.

उघडले. व्याह्याकडं दोन तिर्र्या अन् एक गुलाम. कोंबडा गेला!

चूक म्हणता? माझी? हट्! थाप अस्सल होती. उद्या तोच डाव आला तर तीच मारीन!

तरी राहवेना. विचारलं, "काऊन हो व्याहीभाऊ, दोन तिर्र्यांवर कडं लावलं? भेव नाई वाटलं?"

"वाटलं न भाऊ! मी तर पहिल्याच चालीले पत्ते ठेवणार होतो. पण सुनेच्या बापानं एवढा आग्रह केल्यावर नाई कसं म्हणावं? आता सांजच्याले याचा रस्सा करू. तवा मी वाढीन, अन् तुमी नाई म्हणू नका."