संक्रांतीच्या आडून मागितलेली क्षमा

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या एका हिवाळ्यात माझ्या धाकट्या भावाने फुटबॉलच्या सामन्यात एका मुलाचा पाय मोडला. भाऊ आमच्या शुक्रवार पेठेच्या संघात बचावाला खेळे. तो मुलगा विणकरांच्या संघातला. घरी हातमाग, आणि हातमागाला हातांइतकेच पायही लागतात; त्याची नडगी मोडली तसा घरातला एक माग थांबला. पंचांनी भावाला मैदानाबाहेर काढले. मुद्दाम लाथ घातल्याचा आरोप झाला आणि संघाने त्याचे खेळणे थांबवले. भावाचे मात्र एकच पालुपद होते, "मी चेंडूलाच गेलो होतो."

मी तो सामना पाहिला नव्हता. पण आमच्या घरी सायंपूजेनंतर सर्वांनी विभूती लावण्याची रीत होती, आणि मनात खोटे असताना ती लावू नये, असे आम्ही मानत असू. त्या संध्याकाळी तो विभूतीसाठी पुढे आला नाही. मी पाहिले, आणि काही विचारले नाही.

संघाचे कार्यवाह सज्जन गृहस्थ होते. ते मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, पोरगा गुणी आहे. त्या घरानं मनातलं काढून टाकलं, एवढं तुम्ही येऊन सांगा. लगेच संघात घेतो. तुमच्या शब्दावर कोण शंका घेणार?"

उपाय मलाच सुचला. संक्रांत जवळ आली होती. दारी आलेला तिळगूळ आपल्याकडे कोणी परत पाठवत नाही, आणि तो घेतला की मागचे संपले, अशी आपली समजूत आहे. ही रीत आपल्या कामी येईल, असा हिशेब मी मनाशी केला. त्याला मी तेव्हा सामोपचार म्हणत होतो.

संक्रांतीच्या दिवशी आम्ही दोघे गेलो. मुलगा मागाशेजारी बाजेवर पाय लांब करून पडला होता. पायाला प्लास्टर होते. त्याची आई लगबगीने सतरंजी घालत म्हणाली, "बसा की शास्त्रीबुवा." भावाने डबा पुढे केला. "तिळगूळ घ्या, गोड बोला." मुलाने दोन दाणे उचलले आणि तोंडात टाकले. मी तत्काळ उठलो.

"फार बरे झाले," मी म्हणालो. "आता मनात काही ठेवू नका."

"लगीच उठला?" आई म्हणाली. "तिळगूळ तोंडानं खाल्ला, शास्त्रीबुवा. पायानं न्हाय खाल्ला."

"अम्मा, गप की," मुलगा हसला. मग भावाला म्हणाला, "खेळ की तू. मी कुटं नको म्हनतो? तुझ्यासारखा बॅक आमाला मिळाला तर लई बरं. फकस्त येक सांग. चेंडू कुटं व्हता?"

भाऊ डब्याचे झाकण लावू लागला. ते नीट बसेना. मी घाईने मध्ये पडलो, "सणाच्या दिवशी मागचे कशाला काढायचे?"

"मग कवा काढायचं?" आई म्हणाली. "दिवाळीला?"

तिच्या स्वरात राग नव्हता, म्हणून माझी मान अधिकच खाली गेली. प्रायश्चित्तात दोषाचा उच्चार प्रथम, स्नान-दान नंतर, हे मी पाठशाळेत वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो. स्वतःच्या भावाची पाळी आली तेव्हा उच्चार गाळून मी थेट गोडाकडे वळलो होतो.

तिथून आम्ही कार्यवाहांकडे गेलो. "घेतला का तिळगूळ?" त्यांनी विचारले. "घेतला," मी म्हणालो. "मग मिटलं की," म्हणत ते उठू लागले. माझ्या उत्तरात एक अक्षरही असत्य नव्हते, तरी मला त्यांच्याकडे पाहवेना.

"तिळगूळ घेतला," मी पुन्हा म्हणालो, "पण क्षमा केलेली नाही. आम्ही ती मागितलीच नाही."

वाटेत भाऊ म्हणाला, "दादा, कशाला बोललास? खोटं थोडंच बोलायचं होतं?" हा युक्तिवाद तो माझ्याकडूनच शिकला होता.

तो हंगाम त्याला बाहेर बसावे लागले. माझ्याशी तो कामापुरताच बोले. शिवरात्रीनंतर एके दिवशी हात-पाय धुताना त्याने आपण होऊन सांगितले की तो त्या घरी एकटाच जाऊन आला. काय बोललास, असे मी विचारले. "चेंडू लांब होता, म्हटलं. दुसरं काय बोलणार?"

पुढच्या वर्षी तो पुन्हा खेळला. दोषी खेळाडूला दुसरी संधी द्यावी का, असे आजही कोणी कोणी विचारतात. द्यावी, असेच मी म्हणतो. पण ती संधी ज्याचा पाय मोडला त्याच्या दारातून यावी, आणि तिथे ज्याने मोडला त्यानेच जावे. वडील भावाने त्याच्या हाती डबा देऊन पुढे होऊ नये.

त्याच्या पहिल्या सामन्याला तो विणकर मुलगाही आला होता. किंचित लंगडत येऊन तो रेषेलगत बसला, आणि मला पाहताच बाजूला सरकून त्याने जागा केली. "शास्त्रीबुवा, हितं या की. सावली हाय." भावाने आपला दोष त्याच्या दारी उच्चारला होता, मी माझा अजून नाही; मी ऐकू न आल्यासारखे केले आणि सामना संपेपर्यंत गोलच्या मागे उन्हात उभा राहिलो.