साडीगार्डाची बाजू

गेल्या शनिवारी दुपारी, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एक चूक सापडली. चूक माझी होती... पण ती मला सापडलेली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

माझ्याकडे शंभर सीसीची एक टू-स्ट्रोक मोटारसायकल आहे. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे दिवस संपले आणि गाडी थेट शोरूममधून मिळू लागली, त्या सुरुवातीच्या काळातली. लग्नानंतरची पहिली दहा वर्षे आम्ही दोघे तिच्यावरूनच फिरलो. रोज सकाळी पत्नीला स्वारगेटला बससाठी सोडायचे आणि मी पुढे ऑफिसला जायचे, असा क्रम होता.

पुढे गाडी बंद पडली... आणि सहा वर्षे पार्किंगच्या कोपऱ्यात कव्हरखाली राहिली.

यंदा ती स्वतःच्या हाताने पूर्ण उघडून पुन्हा जोडायचे ठरवले. मी कॉमर्सचा पदवीधर. खराडीला एका कंपनीच्या इंटर्नल ऑडिट विभागात काम करतो. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी यादीचा कागद आखला.

निघालेला प्रत्येक भाग झिपच्या पिशवीत. पिशवीवर क्रमांक, नाव आणि बाजू, म्हणजे डावी की उजवी. एकूण एकशे ब्याऐंशी पिशव्या झाल्या. यादी पार्किंगच्या भिंतीवर चिकटवली.

सिलिंडर बोअर करून आणला, फ्रेम रंगवून आणली आणि जोडणी सुरू केली. जोडणी उघडण्याच्या उलट क्रमाने करायची असते. म्हणून यादी मी शेवटच्या ओळीपासून वर वाचत होतो. हे लक्षात ठेवावे...

मध्येच सोसायटीच्या फलकावर सूचना लागली. ‘पार्किंगमध्ये चालणारी वाहनेच उभी राहतील. न चालणारी वाहने रविवारी चालती होतील.’ कोणाचे नाव नव्हते. त्याची गरजही नव्हती.

आमचे सेक्रेटरी आगाशे यांनी समक्षही सांगितले. “रविवारी दहाला भंगारवाला येतोय. तोपर्यंत आवाज आला तर गाडी, नाही आला तर किलो.”

सुट्टी काढून बसलो. गिअरबॉक्स व्यवस्थित बसला. अडले ते इंजिनाच्या दोन कव्हरांपाशी. एक डावीकडचे, एक उजवीकडचे. दोन्हींना सात-सात स्क्रू, पण लांबी वेगवेगळी.

मॅन्युअलमध्ये पाहून डावे कव्हर लावले आणि ‘डावे कव्हर’ लिहिलेल्या पिशवीतले स्क्रू घातले. दोन स्क्रू चार मिलिमीटर वर राहिले. उजवीकडे उलटा प्रकार... तिथे दोन स्क्रू आट्यांपर्यंत पोचतच नव्हते. जोर लावला असता तर कव्हर तडकले असते, आणि ते आता कुठेही मिळत नाही.

कव्हरखालची चकती, म्हणजे गॅस्केट, चुकले असेल म्हणून नाना पेठेतून दुसरे आणले. मग तिसरे. प्रत्येक स्क्रू व्हर्निअरने मोजला. दोन्ही पिशव्यांच्या नोंदी यादीशी तीनदा ताडून पाहिल्या. त्यांत चूक नव्हती.

शनिवारी दुपारी पत्नी चहा घेऊन खाली आली. या कामात तिने लक्ष घातले नव्हते. सुरुवातीलाच एकदा म्हणाली होती, “उघडणं सोपं असतं हो. घड्याळाचं काय झालं ते आठवतंय ना?” एवढेच.

मी वाकून स्क्रूंकडे पाहत होतो. ती भिंतीवरची यादी वाचत उभी राहिली... वरून.

“अहो, साडीगार्ड उजवीकडे?”

“यादीत आहे ते बरोबर आहे,” मी मान वर न करता म्हणालो.

“असं? मग दहा वर्षं मी सायलेन्सरवर पाय ठेवून बसत होते वाटतं.”

मागच्या चाकात साडी अडकू नये म्हणून जी जाळी लावतात ती साडीगार्ड. ती डावीकडेच असते, कारण बायका डावीकडे पाय सोडून बसतात आणि सायलेन्सर उजवीकडे असतो. गाडी उघडताना मी सर्वांत आधी साडीगार्ड काढले होते. म्हणून त्याची नोंद पहिल्या ओळीत होती, आणि खालून वर येणारा मी तिथे अजून पोचलो नव्हतो.

कप खाली ठेवला. पहिल्या दिवशी पिशव्या लिहिताना जिथे उभा होतो तिथे जाऊन उभा राहिलो... हेडलाइटच्या समोर, गाडीकडे तोंड करून.

मॅन्युअलमधली डावी बाजू गाडीवर बसलेल्याची असते. मी माझी लिहिली होती. प्रत्येक बाजू उलटी होती. आणि प्रत्येकच उलटी असल्यामुळे पिशव्या आणि यादी एकमेकांशी तंतोतंत जुळत होत्या.

स्क्रूंची अदलाबदल केली. चौदाच्या चौदा नीट बसले. पुढचे बरेचसे संध्याकाळपर्यंत आणि उरलेले रविवारी सकाळी उरकले. साडेनऊला, अकराव्या किकला, गाडी सुरू झाली.

आगाशे गॅलरीत आले. “आवाज आला, मान्य. आता धूर केव्हा थांबणार तेवढं फलकावर लावा.” भंगारवाला कोणाचा तरी कूलर घेऊन गेला.

पत्नी पर्स घेऊन खाली आली. “स्वारगेटपर्यंतच हं. बंद पडली तर मी रिक्षाने येईन.” अंगात पंजाबी ड्रेस होता, तरी दोन्ही पाय डावीकडे सोडूनच बसली. स्वारगेटला जाऊन आम्ही परत आलो. रिक्षा लागली नाही.

यादीच्या तळाशी मी सवयीने दोन सह्यांची जागा ठेवली होती. ‘तयार करणार’ आणि ‘तपासणार’. आपले काम आपण तपासायचे नसते, हे ऑफिसात नव्या मुलांना मी गेली कित्येक वर्षे सांगत आलो आहे. घरी मात्र दुसरी जागा कोरीच होती... तिथे कोणाची सही लागेल, असे मला वाटलेच नव्हते.

परत आल्यावर भिंतीवरची यादी काढली आणि पेनसह तिच्यापुढे ठेवली. इथे सही कर, म्हणालो.

“वाचल्याशिवाय नाही करणार,” ती म्हणाली. चष्मा मागून घेतला, आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.