चष्म्याचा नंबर, घागरीचा नंबर

मला बघायला पाहुणे आले त्या दिवशी वडिलांनी माझा चष्मा काढून घेतला आणि स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. मी चहाच्या कपबशा घेऊन पुढच्या खोलीत गेले तेव्हा सात-आठ माणसं बसली होती आणि मला ती सगळी एकसारखीच दिसत होती. नवरामुलगा कोणता, हे मला आवाजावरून कळलं. पाहुणे गेल्यावर वडील म्हणाले, विचारलं असतं तर सांगितलं असतं, कुणी विचारलंच नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी तो चष्मा आईने एका जुन्या चोळीत गुंडाळून माझ्या पेटीच्या तळाशी ठेवला. योग्य वेळ आली की काढ, असं दोघांनी सांगितलं. योग्य वेळ म्हणजे कधी, हे मात्र एकानेही सांगितलं नाही. वडील जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, तरी त्या गोष्टीचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

अशी मी बिलोलीकडून अहमदपूरला नांदायला आले. सगळंच धूसर होतं, नुसत्या डोळ्यांनाच नाही. पाऊस न झाल्यामुळे बोअर आटले होते आणि गल्लीत टँकर यायचा. शिवाय जिल्हा नवीन झाला होता. लग्न ठरलं तेव्हा सासर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, लग्न लागेपर्यंत ते लातूर जिल्ह्यात गेलं. वडिलांची पत्रं जुन्याच जिल्ह्याचं नाव घालून यायची आणि पोस्टमन ते खोडून नवं लिहायचा. मला कुणी पत्ता विचारला की मी क्षणभर अडखळायची. नवऱ्याचा नव्या कचेरीत कारकून म्हणून नंबर लागला, तो लातूरला खोली घेऊन राहिला आणि शनिवारी घरी यायचा. घरात मी, भुसार दुकानात बसणारे सासरे आणि सासूबाई.

या नंबर शब्दाने तर मला वात आणला होता. माझ्या माहेरी नंबर दोनच होते, एक शाळेतला आणि एक चष्म्याचा. शाळेतला चांगला म्हणून सगळ्यांना सांगायचा, चष्म्याचा वाईट म्हणून लपवायचा. इथे पाहावं तर प्रत्येकाच्या तोंडी नंबर. नवऱ्याचा नंबर नोकरीला लागलेला. दुकानातली ज्वारी एक नंबर. शेताची गोष्ट निघाली की सर्व्हे नंबर. कोपऱ्यावरच्या हॉटेलात सकाळी चार माणसं डोकी जुळवून, काल कोणता नंबर आला, म्हणून कुजबुजायची. गल्लीतल्या एका माणसाला सगळे नंबरी म्हणायचे, तो हुशार की लबाड हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी घरातली तिसरी सून का चौथी, हे विचारायला आलेल्या एका म्हातारीनेसुद्धा विचारलं ते, तुझा नंबर कितवा गं. मी एकुलती एक सून. पण नंबर म्हटलं की माझा हात आपोआप नाकाच्या दांड्याकडे जायचा, तिथे चष्मा नसला तरी.

सगळ्यात जास्त धडकी भरायची ती सकाळी. सासूबाई आतून विचारायच्या, नंबर लावलास का. पहिल्या आठवड्यात तर मी पेटीकडेच बघितलं होतं. पण त्या विचारत होत्या घागरीबद्दल. गल्लीच्या टोकाला लिंबाखाली सिमेंटचा हौद होता. टँकर कधी येईल याचा नेम नसे, म्हणून सकाळीच प्रत्येक घराची एक घागर रांगेत नेऊन ठेवायची आणि बाया घरी कामाला जायच्या. घागर तिथे आहे म्हणजे ती बाई तिथे आहे. पिण्याच्या पाण्याचं भांडं, म्हणून कुणी त्याला पाय लावायचा नाही, पुढे सरकवायचं ते हातानेच. टँकरचा हॉर्न वाजला की सगळ्या पळत जाऊन आपापल्या घागरीमागे उभ्या राहायच्या. ज्या घागरीमागे माणूस नाही ती बाजूला काढून ठेवायची. एवढे नियम कुणी लिहिलेले नव्हते, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

माझी घागर तांब्याची होती, वडिलांनी लग्नात दिलेली, त्यांचं नाव ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं. उभ्याने मला ते नाव वाचता येत नसे. वाकून अगदी नाकाजवळ नेलं असतं तर आलं असतं, पण घागरी हुंगत फिरणारी सून गल्लीला दिसली असती. म्हणून मी मोजायची. सकाळी घागर ठेवतानाच लिंबापासून कितवी ते पाठ करायची. पाच महिने मी अशी मोजून-मोजून नांदले. माणसं चालीवरून, आवाजावरून ओळखायची. कुणी लांबून हसलं तर मला दिसायचं नाही, मग गल्लीत बोललं जायचं की बिलोलीची सून शिष्ट आहे. सासूबाईंनी हे ऐकलं असणारच. त्या काही बोलल्या नाहीत. त्या माझ्याशी कमीच बोलत, आणि मी मान खाली घालून वावरायची, त्यामुळे त्यांच्या मनात काय आहे हे मला कशावरूनच कळत नसे.

आमचं घर लिंगायतांचं. सासूबाई रोज तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायच्या आणि पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायच्या नाहीत. पूजेला ताजं पाणी लागायचं, रात्रीचं शिळं चालत नसे. त्या उन्हाळ्यात ताजं पाणी म्हणजे टँकरचं पाणी. टँकर दहाला आला तर त्या दहाला जेवायच्या, दोनला आला तर दोनला.

त्या दिवशी माझी घागर लिंबापासून अकरावी होती. मी गेल्यावर कुणीतरी पुढे एक भांडं घुसवलं असणार. टँकर बाराच्या सुमारास आला, मी पळत गेले, मोजलं, अकराव्या घागरीमागे उभी राहिले. तांब्याचीच होती, तेवढ्याच घेराची. भरली, डोक्यावर घेतली आणि घरी आले. माझी खरी घागर बारावी होती. तिच्यामागे कुणी नव्हतं, म्हणून ती रिकामीच बाजूला काढली गेली.

थोड्या वेळाने समोरच्या घरची काकू दारात आली. तिची मुलगी आठवड्यापूर्वीच बाळंत झाली होती. बाळाला अंघोळ घालून ही हौदावर पोचली तर रांगेत तिची घागरच नाही. शोधाशोध करून घरी बादली आणायला पळाली तोवर हौद कोरडा झाला होता. आता तिची घागर आमच्या ओट्यावर भरलेली उभी होती. तिने तिच्यावर बोट ठेवून भावाचं नाव वाचून दाखवलं, भाऊबीजेला दिलेली घागर होती ती. मागे चार बाया उभ्या होत्या. सुनेने नंबर मारला, असं त्यातली एक म्हणाली. खरं सांगावं तर चष्मा बाहेर येतो, न सांगावं तर मी चोर ठरते. मी खांबाला धरून उभी राहिले.

सासूबाई पुढे आल्या. "घागर मीच उचलाय सांगितली व्हती तिला," त्या म्हणाल्या. "माझी चूक झाली बाई. ने तुझं पाणी."

काकूला ते पटलं नसावं, पण वयाने मोठ्या बाईपुढे ती काय बोलणार. तिने घागर उचलली. जाता जाता पूजेपुरतं तांब्याभर घ्या म्हणाली, तर सासूबाईंनी बाळंतिणीच्या तोंडचं पाणी काढून घेणार नाही म्हणून सांगितलं. बाया पांगल्या. मला वाटलं, आता माझी पाळी. पण सासूबाई आत जाऊन भिंतीला टेकून बसल्या. स्वयंपाक झाकूनच राहिला. मी माठातलं पाणी देऊ का विचारलं तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. सासरे दुकानावरून आले, जेवले, गेले. दिवस कलला तरी त्या तशाच.

माझ्या खोटेपणापायी दुसरं माणूस उपाशी बसलं होतं, आणि तेही माझ्यासाठी खोटं बोलून. हे मला सहन होईना. मी पेटी उघडली, चोळीतून चष्मा काढला, पदराने पुसला आणि डोळ्यांवर चढवला. काडी एका बाजूने वाकली होती. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. वर बघायचं धाडस होईना, जमिनीकडेच बघत म्हणाले, "आत्याबाई, मला लांबचं दिसत न्हाई. लग्नाच्या आधीपासून."

"ठावं हाय."

मी गोंधळले. कधीपासून, म्हणून विचारलं.

"पहिल्याच दिशी. घरात आलीस अन् माझ्या पाया पडायचं सोडून भांडेवालीच्या पाया पडलीस. ती बिचारी घाबरून मागं सरली."

मग तुम्ही बोलला का नाहीत, असं मी विचारलं. आवाज चढलाच माझा. पाच महिने मी ठेचा खाल्ल्या, मोजत बसले, शिष्ट ठरले, आणि या सगळं बघत होत्या.

"तू सांगशील म्हणून वाट बघून राहिले," त्या म्हणाल्या. "मी इचारलं असतं तर तुझ्या बापाला खोटं पाडल्यावानी झालं असतं."

ही माया म्हणायची की हट्ट, मला तेव्हा कळलं नाही आणि आजही नीट कळत नाही. कधी वाटतं त्यांनी मला जपलं, कधी वाटतं त्यांनी माझी परीक्षा बघितली. रडावं की भांडावं, हेही सुचेना. मी कोपऱ्यातली कळशी उचलली. गावाबाहेर लांब एका मळ्यातल्या विहिरीला पूजेपुरतं पाणी होतं, तिथवर जाऊन येण्याइतका उजेड अजून होता. दारात जाऊन सवयीने मी चष्म्याला हात घातला, काढून ठेवायला.

"ऱ्हाऊ दे," त्या आतून म्हणाल्या. "बघत्यात तर बघू दे लोकांना."

मी मागे वळून बघितलं. त्या घरात येऊन पाच महिने झाले होते आणि सासूबाईंचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट बघत होते. कपाळावर कालची विभूती पुसट झालेली होती, आणि ओठ सुकून पांढरे पडले होते.

मी पदर खोचला आणि भराभर विहिरीच्या वाटेला लागले.