पत्र्यातला तारा

चाकणच्या एका कंपनीत मी लेझर मशीनवर पत्रा कापतो. गेल्या नाताळला साहेबांना विचारून भंगारातला एक पत्रा घेतला, आमच्या चिंचवडच्या चर्चसाठी त्यातून तारा कापला आणि घासून घासून आरशासारखा केला. प्रभूच्या कामात ओरखडा चालत नाही, हा माझा हट्ट.

पाळकसाहेबांनी तो वेदीवर टांगला आणि म्हणाले, "उरलेला पत्रा त्या फुटक्या खिडकीला लावून टाका. वारा तरी अडेल."

मला रागच आला. ऐन सणाला चर्चला भंगार लावायचं? तरी लावला. काळ्या पडलेल्या कडा, मधोमध ताऱ्याच्या आकाराचं भोक.

नाताळच्या सकाळी उपासना सुरू झाली आणि त्या भोकातून ऊन आत आलं. समोरच्या भिंतीवर उजेडाचा तारा उमटला. सूर्य वर चढला तसा तारा भिंतीवरून उतरला, बाकांवर आला, माणसांच्या खांद्यांवरून हळूहळू सरकत राहिला. गीत म्हणता म्हणता एकेक जण गप्प होत गेला.

खिडकीजवळच्या बाकावर कधी न पाहिलेली एक बाई तान्हं बाळ घेऊन बसली होती. आशीर्वादाच्या वेळी तारा तिच्या मांडीवर पोचला. झोपलेल्या बाळाच्या छातीवर तो श्वासाबरोबर वर-खाली होत होता. पाळकसाहेबांचे वर केलेले हात तसेच राहिले.

वेदीवरच्या माझ्या चकचकीत ताऱ्याकडे कुणीच बघत नव्हतं. मीसुद्धा नाही.