स्कॅन केलेली ओवाळणी

करंजाड्यात आमच्या सोसायटीत ती उरणहून मासे घेऊन यायची. मी साताऱ्याकडची, आमच्याकडे मासे म्हणजे फार तर सुकट, तेही शेजाऱ्यांची माफी मागून. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, "ह्यात बिनकाट्याचा कुठला?" ती पाटी खाली ठेवून एवढी हसली की वॉचमन बघायला आला. "बिनकाट्याचा म्हावरा पायजे? बटाटा खा गो बाय!" मला असा राग आला की आठवडाभर मी दारच उघडलं नाही. मग उघडलं, कारण त्या बिल्डिंगमध्ये तिच्याइतकं मोकळेपणानं भांडणारं दुसरं कोणी नव्हतं.

माझं बाळंतपण माहेरी ठरलं होतं. ऐन वेळी आई जिन्यावरून पडली आणि पाय मोडून बसली. सासूबाई तर माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मुलगी झाली आणि घरात आम्ही दोघं अडाणी. बाळ रडलं की हे मोबाइलवर व्हिडिओ शोधायचे, आणि व्हिडिओतलं बाळ कधी रडायचंच नाही. एका सकाळी ती पाटी खाली रिकामी करून वर आली. हातपाय धुतले, पदर खोचला, पोरीला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं आणि मला म्हणाली, "रडताव कशाला? आमी हाव ना."

मग रोज यायला लागली. माझ्यासाठी डब्यात मुडदुशांचं कालवण आणायची, कमी तिखटाचं. बाळंतिणीला हाच मासा देतात म्हणे त्यांच्यात. समोर बसून एकेक काटा काढायची आणि घास माझ्या हातावर ठेवायची. फोनवर आई किंचाळायची, "बाळंतिणीला मासे? अगं बाई!" मी म्हणायचे, "मग तू ये."

महिन्याभरानं ह्यांनी तिच्यापुढं पाकीट धरलं. ती भडकली. "मी मोलाची बाई हाय काय? तसं असंल तं सांगा, उद्यापासून येत नाय." हे गोरेमोरे झाले, पाकीट परत खिशात गेलं. दिवाळी आली तेव्हा मात्र तिनं आपणहून विषय काढला. "दादा, मना भाऊ नाय. भाऊबीजेला माज्या घरी या." ह्यांनाही बहीण नव्हती. आम्ही गेलो. तिनं पाट मांडला, ह्यांना ओवाळलं, आणि ह्यांनी तेच पाकीट ताटात ठेवलं. तिनं ते कपाळाला लावलं आणि पदराच्या गाठीत बांधलं. पैसे तेच हो, पण मोल म्हणून नाकारलेले ओवाळणी म्हणून कसे गोड झाले!

तेव्हापासून ती माझी नणंद. मी तिला वन्सं म्हणायचे, ती मला वैनी. नणंदपणही पुरेपूर केलं तिनं. "दादा वाळला. वैनी, काय खायला घालताव त्याला, नुसता वरण?" दर भाऊबीजेला आम्ही जायचो. माझी मुलगी तर तिला आत्या म्हणूनच बोलायला शिकली.

मग ह्यांनी नोकरी बदलली. त्या वर्षी भाऊबीजेच्याच दिवशी ऐन दुपारी ऑफिसचं काहीतरी निघालं, इकडे पोरीला ताप. "पुढच्या आठवड्यात जाऊन येतो," म्हणाले. मी म्हटलं, "भाऊबीज म्हणजे काय गॅसचा सिलेंडर आहे, उशिरा आला तरी चालायला?" ते चिडले. मासे घेताना काढलेला तिच्या क्यूआर कोडचा फोटो मोबाइलमध्ये होता. तो स्कॅन केला आणि दुप्पट ओवाळणी पाठवून दिली. "झालं? खूश होईल बघ," म्हणाले आणि गेले.

तिकडे काय झालं ते तिच्या सुनेनं मला नंतर सांगितलं. दुपार टळून गेली तरी ती जेवली नव्हती, भावाला ओवाळायचं होतं ना. फ्लॅटातला भाऊ येणार म्हणून शेजारच्या बायका बोलावून ठेवलेल्या. आणि कोपऱ्यात चार्जिंगला लावलेला तो डबा, गिऱ्हाइकाचे पैसे आले की ओरडणारा, तो सगळ्यांसमोर हिंदीत रक्कम बोलला. बायका हसल्या. एक म्हणाली, "गिऱ्हाईक मोठा हाय गो तुजा!"

चार दिवसांनी ती दारात उभी. पापलेट, सुरमई, कोलंबी, पाटी भरलेली. ह्यांच्यासमोर वजनकाटा काढला आणि मोजायला लागली. मी म्हटलं, "वन्सं, हे काय?" म्हणाली, "पैसं आलं होतं, त्याचा म्हावरा."

"अहो, ती ओवाळणी होती!"

"ओवाळणी ताटात पडते. डब्यात पडतं ते इकल्याचं."

हे हात जोडून उभे राहिले. चुकलो म्हणाले, दोनदा म्हणाले. तिनं ऐकलं, मान हलवली आणि माप झाल्यावर वर एक बांगडा टाकला, चांगल्या गिऱ्हाइकाला टाकतात तसा. चहाला थांबली नाही. मी ह्यांना नको नको ते बोलले त्या दिवशी, पण बोलून काय उपयोग? हा माणूस वाईट नाही हो. त्याला घाई असते.

पुढच्या भाऊबीजेला ह्यांनी सुट्टी काढली. सकाळीच आम्ही तिच्या घरी गेलो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, बाजारात बसलीय. भाऊबीजेच्या दिवशी! आम्ही बाजारात गेलो. पोरगी "आत्या" म्हणून पळत सुटली. तिनं तिला जवळ घेतलं, ओल्या हातांनी नको म्हणून कोपरानंच गाल कुरवाळला, आणि माझा जीव जरा भांड्यात पडला. हे पुढं झाले. हातात पाकीट होतं.

तिनं पोरीला बाजूला बसवलं, ह्यांच्याकडे वर बघितलं आणि विचारलं, "काय देऊ, साहेब?"

मागं बाई उभी होती, ती म्हणाली, घ्यायचं तर घ्या, नाहीतर सरका. शेवटी ह्यांनी अर्धा किलो कोलंबी घेतली.