राजधानी ठरली ते जेवण

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, मी भित्री आहे. ॲन आर्बरला कॉलेजच्या मुलांना इतिहास शिकवते, त्यांच्यासमोर धीटपणाचा आव आणते, आणि गेल्या वर्षापासून वर्गात शिरताना आधी कुणाकुणाचे फोन बाहेर आहेत ते बघते. दुसऱ्या राज्यातल्या एका प्राध्यापकाचं गुलामगिरीवरचं वर्गातलं बोलणं कुणीतरी फोनवर टिपलं, ते पसरलं आणि त्याची नोकरी गेली. तो तर इथलाच नागरिक होता. माझा व्हिसाच नोकरीला टांगलेला, आणि त्या व्हिसाला नवरा आणि दहा वर्षांची मुलगी.

दर ऑक्टोबरात एक तास माझ्या खास आवडीचा असतो. इथला देश तेव्हा नवा, डोक्यावर स्वातंत्र्याच्या लढाईचं कर्ज. काही राज्यांना वाटतं, ते केंद्रानं उचलावं. दक्षिणेतल्या काहींनी आपलं बरंचसं फेडलेलं, ते म्हणतात, दुसऱ्यांचं आम्ही का भरायचं? मग न्यूयॉर्कमध्ये तीन पुढारी एका घरी जेवायला बसतात आणि सौदा जमतो: कर्ज केंद्राकडे, बदल्यात राजधानी दक्षिणेत, पोटोमॅक नदीच्या काठी. मी नागपूरची, मला असले सौदे कुणी समजावून सांगावे लागत नाहीत. आमची राजधानी गेली आणि आम्हाला वर्षाचं एक हिवाळी अधिवेशन मिळालं. तेवढ्यापुरते रस्ते चकाचक होतात. हे सांगितलं की मुलं हसतात.

पण बाबांनी मला इतिहास वाचायची एक सवय लावली. ते दीक्षाभूमीजवळच्या एका शाळेत मास्तर होते. कुठल्याही पंगतीची गोष्ट आली की विचारायचे, "जेवलं कोण ते कळलं. रांधलं कुणी?" त्या न्यूयॉर्कच्या जेवणाबद्दल इतिहासकारांकडे याचं उत्तर आहे. यजमानाच्या मालकीचा एक गुलाम, फ्रान्समध्ये स्वयंपाक शिकून आलेला. दर वर्षी तास संपवताना मी त्याचं नाव सांगते.

यंदा आदल्या संध्याकाळी नवऱ्याला ती शेवटची स्लाइड दाखवली. तो पोळ्या भाजत होता.

"एकच तर सेन्टेन्स आहे गं. स्किप कर ना यार. ग्रीन कार्ड पेंडिंग आहे, हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"मग काय, खोटं शिकवू?"

"खोटं नको शिकवूस. फक्त बोलू नकोस."

मला त्याचा राग आला, आणि त्याचं पटतंय याचा त्याहून जास्त. टेबलाशी होमवर्क करणाऱ्या मुलीनं मान वर केली. "आर यू गाइज फायटिंग?" नाही म्हणाले, आणि स्लाइड डिलीट केली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा ठेवला होता. वेळ बघायला असेल, मी स्वतःला सांगितलं. तरी मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला सरकले. तास कसाबसा पार पडला, नागपूरवर मुलं हसलीसुद्धा. पाच मिनिटं उरली होती. मी सामान आवरायला घेतलं, तेवढ्यात त्याच मुलीनं हात वर केला.

"प्रोफेसर, ते जेवण बनवलं कुणी?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. विचारायची वेळच येत नसे, मीच सांगून टाकायचे. मी तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे. तो रेकॉर्ड करत होता की नाही, मला अजूनही माहीत नाही. डोळ्यांसमोर मात्र देश सोडायला भरलेल्या आमच्या बॅगा आल्या.

"नक्की माहीत नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं.

परीक्षेत तिनं सौद्याची सगळी कलमं नीट मांडली होती. खाली एक जादा ओळ होती: हे जेवण कुणी रांधलं याची इतिहासात नोंद नाही. मी त्या ओळीवर लाल पेन टेकवलं, उचललं, आणि तिला पूर्ण गुण दिले.